क्षमा न होणारे पाप आपल्याच हातून घडले असे वाटते तेव्हा : एका प्रकरणाचा अभ्यास

हे प्रकरण आमच्या मंडळीतल्या ज्या एका बंधूंचे आहे, त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत. मसुदा त्यांना वाचायला दिला होता. त्यांनी दोन ठिकाणी खोडून दुरुस्त्या केल्या, त्या तशाच ठेवल्या आहेत. मी एका ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे, डॉक्टर नाही. माझ्या हातून झालेल्या चुका सविस्तर लिहिल्या आहेत, कारण त्याच चुका इतर पाळक, मंडळीतले वडील आणि घरची माणसे अगदी चांगल्या मनाने करताना मी पाहतो.

पार्श्वभूमी

प्रभुभोजनाचे तबक त्यांच्यासमोर आले. येशूच्या मरणाच्या आठवणीत मंडळी मिळून घेते त्या भाकरीच्या तुकड्याकडे हात गेला, तबकावरच थबकला, आणि त्यांनी तबक तसेच शेजारी सरकवले. मी समोर उभा होतो म्हणून मला दिसले. पुढच्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यात प्रभुभोजनाआधीचे गीत सुरू झाले आणि ते उठून बाहेर गेले.

वय अडतीस. विश्वासी घरात वाढलेले, सोळाव्या वर्षी मंडळीसमोर उभे राहून स्वतः विश्वासाची कबुली दिलेली. लग्न झालेले, एक मुलगी. हिशेब तपासणे हा पेशा. रविवारी मुलांचा वर्ग घेत आणि मुलांना तो वर्ग आवडे. त्यांच्या विश्वासाबद्दल कोणाला शंका आली असती असे मला वाटत नाही, निदान मला तरी कधी आली नव्हती.

मी निरोप पाठवल्यावर ते भेटायला आले. सोबत एक लहान वही होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि खिडकीबाहेर पाहत बसले. वहीत पट्टीने आखलेले चार रकाने होते: तारीख, पाप, कबुली दिली का, मनापासून दिली का. तिसऱ्या रकान्यात सगळीकडे बरोबरच्या खुणा. चौथ्यात जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे प्रश्नचिन्ह. काही ठिकाणी तेच पाप पुढच्या तारखांना तीन-तीनदा उतरवलेले होते, कारण आधीची कबुली खरी होती की वरवरची, हे ठरत नव्हते. शेवटच्या पानावर फक्त एक संदर्भ होता: इब्री 6, म्हणजे बायबलमधल्या इब्री पत्राचा सहावा अध्याय.

अडचण

सात महिन्यांपूर्वी एका रात्री प्रार्थना करत असताना पवित्र आत्म्याबद्दल एक घाणेरडे वाक्य त्यांच्या मनात आले होते. ते दचकले. ते वाक्य हाकलायचा त्यांनी प्रयत्न केला, तसे ते जास्तच येऊ लागले. प्रार्थनेला गुडघे टेकले की यायचे, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद मागताना यायचे. मग त्यांनी मार्क 3:29 उघडले. पवित्र आत्म्याविरुद्ध दुर्भाषण करणाऱ्याला क्षमा नाही, हे त्यांना लहानपणापासून पाठ होते. आता ते वचन आपल्यावरच लिहिले गेले आहे असे त्यांना वाटले.

तिथून ते एकेक वचन गोळा करत गेले. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला आणि जे पतित झाले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य, असे सांगणारे इब्री 6:4-6. जाणूनबुजून पाप करत राहिल्यास पापांबद्दल आणखी यज्ञ उरत नाही, असे सांगणारे इब्री 10:26. एका जेवणासाठी थोरलेपणाचा हक्क विकलेला आणि नंतर अश्रू गाळूनही ज्याला संधी मिळाली नाही तो एसाव, इब्री 12:17. यहूदाच्या पत्रातली दोनदा मेलेली, समूळ उपटलेली झाडे. प्रकटीकरण 21:8 वर मात्र ते सगळ्यात जास्त अडकले होते. दुसरे मरण ज्यांच्या वाट्याला येणार त्यांच्या यादीत तिथे पहिला शब्द भेकडांचा आहे. ते म्हणाले, "पाळकसाहेब, मी घाबरतो म्हणूनच माझे नाव त्या यादीत पहिले आहे. आणि ती यादी वाचली की मी आणखी घाबरतो."

आत्मिक मरण हा त्यांच्यासाठी धर्मशास्त्राच्या पुस्तकातला शब्द राहिला नव्हता. आपण चालतो, बोलतो, कामावर जातो, पण आत कोणी उरलेले नाही, असे ते सांगत. गीत म्हणताना काही जाणवले नाही की आत्मा मेल्याची खूण. प्रार्थनेत डोळे ओले झाले नाहीत की खूण. आणि ओले झालेच, तर एसावही रडला होता.

सगळे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, "माझ्यासाठी दार अजून उघडे आहे का, एवढेच सांगा."

मी उत्तर दिले. प्रकरणातला पहिला चुकीचा निर्णय हाच. उत्तर चूक नव्हते, ते मी पुढे किती वेळा देणार आहे याचा विचार केला नव्हता.

मी त्यांना मार्कचा तिसरा अध्याय पुरा वाचून दाखवला. यरुशलेमेहून आलेले शास्त्री येशूला भुते काढताना डोळ्यांनी पाहतात आणि ते सैतानाचे काम आहे असे थंड डोक्याने ठरवतात. 30 व्या वचनात तर इशाऱ्याचे कारणच दिले आहे, की त्याला अशुद्ध आत्मा लागला आहे असे ते म्हणत होते. ज्याला आपल्या मनातल्या वाक्याने झोप येत नाही तो त्या शास्त्र्यांच्या रांगेत बसत नाही. इब्री पत्राच्या लेखकाने तो कडक इशारा दिल्यावर लगेच 6:9 मध्ये वाचकांना प्रियजनहो म्हटले आहे आणि तुमच्याविषयी आम्हाला याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे असे लिहिले आहे. प्रकटीकरणातले भेकड म्हणजे छळाच्या दडपणाखाली प्रभूला नाकारून पळणारे. रात्री घाबरून प्रभूचेच नाव घेणारा माणूस वेगळा. हे सगळे मी आजही तसेच सांगेन.

त्यांचा चेहरा उजळला. घरी पोहोचेपर्यंत ते सुख टिकले. रात्री संदेश आला: "पण तो विचार आल्यावर मी क्षणभर तो मान्य केला असेल तर?"

चार महिने हे चालले. रोज नवा "पण", रोज माझे नवे उत्तर. मी त्यांना मार्टिन लूथर यांच्याबद्दल सांगितले: 1505 मध्ये एरफुर्टच्या मठात गेलेला हा तरुण तासन्‌तास पापांची कबुली देई, आणि एखादे राहून गेले की काय या धास्तीने पुन्हा परते. इंग्रज उपदेशक आणि लेखक जॉन बन्यन (1628–1688) यांच्याबद्दल सांगितले: ख्रिस्ताला विकून टाक, हा विचार त्यांच्या डोक्यात घणासारखा आदळत राहिला आणि एसावाच्या त्याच वचनाने त्यांना दीर्घकाळ छळले. बंधूंना एक संध्याकाळ हायसे वाटले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ते दोघे देवाचे निवडलेले होते. मी नसेन तर?"

नंतर मी फोनवरचे संदेश मोजले. पहिल्या आठवड्यात नऊ होते. सोळाव्या आठवड्यात एकसष्ट.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय जे चालले होते तेच चालू ठेवण्याचा: वचने समजावत राहायचे. मी तो चार महिने चालवला तो धीर म्हणून नाही, तर दुसरे काही सुचत नव्हते म्हणून.

दुसरा पर्याय मी मनात बराच काळ घोळवला. या बंधूंचे तारण झालेच नसेल तर? ही भीती म्हणजे देवाची खरी हाक असेल तर? असे घडू शकते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये झाला, आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता हे त्यांना त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी उमगले. त्यांची बेचैनी खरी होती आणि त्या बेचैनीने त्यांना पुढे नेले. म्हणून "तुमचे तारण झालेलेच आहे, काळजी करू नका" असे घाईने सांगणे मला कधीच पटलेले नाही. पण इथे एक फरक दिसत होता. शोधणाऱ्या माणसाला सुवार्ता ऐकवली की तो तिच्यावर टेकतो, निदान टेकण्याचा प्रयत्न करतो. या बंधूंनी गेल्या सात महिन्यांत तारणासाठीची प्रार्थना शेकडो वेळा केली होती. प्रत्येक वेळी शब्द नीट लागले नाहीत, मन भटकले, म्हणून पहिल्यापासून पुन्हा. त्यांना आणखी एकदा तीच प्रार्थना करायला लावणे म्हणजे वहीत आणखी एक ओळ वाढवणे होते.

मंडळीतल्या एका वडिलांनी उपवास आणि बंधनातून मुक्तीसाठी विशेष प्रार्थना सुचवली. त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे. मी नाही म्हटले, ते एवढ्याचसाठी, की घाबरलेल्या माणसाभोवती उभे राहून त्याच्यात दुष्ट आत्मा आहे असे आपण वागलो, तर त्याच्या मनातल्या आरोपावर मंडळीची सही होते. प्रार्थना आम्ही केली, पण साधी, बसून, त्यांचे नाव घेऊन.

चौथा पर्याय मानसोपचारतज्ज्ञांचा. हा मला उशिरा सुचला, आणि सुचल्यावरही मी दोन आठवडे अडून राहिलो. आत्म्याच्या तारणाचा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला दवाखान्यात पाठवणे म्हणजे त्याच्या प्रश्नाला आजार म्हणणे, असे मला वाटत होते.

शेवटी आम्ही काय केले

निर्णय एका वाक्याने झाला. बोलता बोलता ते म्हणाले, "शिक्षा ठरलेलीच असेल, तर जगून पापांची भर कशाला घालायची?"

अशा वेळी विषय बदलून स्तोत्र वाचण्याचा मोह होतो. मी सरळ विचारले: जीव देण्याचा विचार येतो का? किती वेळा? कसा द्यायचा हे ठरवले आहे का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. उलट कोणीतरी विचारले याने माणूस मोकळा होतो. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले की विचार येतो, ठरवलेले काही नाही, आणि मुलीमुळे थांबतो. त्यांच्या संमतीने त्याच संध्याकाळी मी त्यांच्या पत्नीशी बोललो. तिसऱ्या दिवशी ते दोघे मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले.

निदान झाले मंत्रचळाचे, म्हणजे ज्याला ओसीडी म्हणतात त्याचे. हात पुन्हा पुन्हा धुणारा माणूस आपल्याला ओळखता येतो. त्याच आजाराचे एक रूप श्रद्धेला धरून येते. नको असलेला विचार घुसतो, माणसाला जे सर्वांत पवित्र वाटते त्यावरच घाव घालतो, आणि त्यातून आलेली भीती शमवण्यासाठी माणूस काहीतरी करतो: पुन्हा कबुली, पुन्हा प्रार्थना, पुन्हा कोणाला तरी विचारणे. क्षणभर बरे वाटते, आणि त्या क्षणभराच्या सुखामुळेच पुढच्या वेळी भीती अधिक जोराने परतते. डॉक्टरांनी हे समजावले तेव्हा मी समोर बसलो होतो. माझे चार महिन्यांतले प्रत्येक उत्तर या चक्राचाच भाग झाले होते, हे मला तिथे कळले.

औषध सुरू झाले. या आजारात त्याचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. ते सांगितले नसते तर तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी गोळ्या सोडल्या असत्या. जोडीला उपचार होता भीतीला थोडे थोडे सामोरे जाण्याचा आणि त्यानंतरची ठरलेली कृती न करण्याचा.

इथे दुसरा अवघड प्रसंग आला. समुपदेशिकेने एक सराव दिला: "कदाचित माझ्या हातून ते पाप घडलेही असेल" असे कागदावर लिहायचे आणि लगेच प्रार्थना न करता तसेच बसायचे. बंधू कागद घेऊन माझ्याकडे आले. हे लिहिणे हेच देवाला नाकारणे नाही का? मलाही ते खटकले. विश्वासाचा उपदेश करणारा मी, "कदाचित" कसे लिहू देऊ?

त्यांच्या परवानगीने मी समुपदेशिकेला भेटलो. त्या विश्वासी नव्हत्या, पण माझे म्हणणे त्यांनी मन लावून ऐकले. मी म्हटले, देवाची निंदा करायला लावणारा कोणताही सराव मला चालणार नाही. त्या म्हणाल्या, तसे काही मला करवायचेच नाही. शंभर टक्के खात्री मिळाल्याशिवाय जगता येत नाही, ही त्यांची सवय मोडायची आहे. मग आम्ही सराव बदलला. मार्क 3:20-30 दिवसातून एकदा मोठ्याने वाचायचे, कोणताही खुलासा न वाचता पुस्तक मिटायचे आणि कामाला लागायचे. तारणाची प्रार्थना पुन्हा करायची नाही. रात्रीची प्रार्थना एकदाच, अडखळली तरी पहिल्यापासून नाही. वही बंद. वही जाळण्याचा छोटासा विधी करावा असे मला वाटले होते. समुपदेशिका म्हणाल्या, नको, त्यांना आणखी एक विधी देऊ नका, कचऱ्यात टाकू दे. त्यांनी टाकली.

माझा भाग सर्वांत अवघड होता, निदान मला तसा वाटला. मी उत्तर द्यायचे थांबवायचे होते. आम्ही तिघांनी बसून ठरवले: जीव नकोसा वाटला तर कोणत्याही वेळी फोन करायचा, मी, पत्नी किंवा डॉक्टर, जो उचलेल त्याला, त्यासाठी कोणतीही मर्यादा नाही. पण "माझे तारण आहे का" या प्रश्नाला मी एकच वाक्य लिहीन: हा प्रश्न आपण देवाच्या हाती ठेवला आहे. काही आठवड्यांत तेच वाक्य उताऱ्यासारखे वापरले जाऊ लागले, ते मिळेपर्यंत झोप नाही अशी गत झाली, तेव्हा तेही बंद केले.

पहिल्या रात्री दोन चाळीसला संदेश आला. "फक्त एकदा सांगा." फोन हातात धरून मी अंधारात बसलो. पाळक झाल्यापासून मी कोणाची हाक अशी सोडली नव्हती. हरवलेल्या मेंढरामागे जाणाऱ्या मेंढपाळाचा दाखला मीच किती वेळा सांगितला असेल. पहाटे साडेपाचला दुसरा संदेश आला: "झोप लागली होती."

उत्तरे बंद केली म्हणजे मी त्यांच्यापासून लांब गेलो असे झाले नाही. दर गुरुवारी आम्ही चालायला जाऊ लागलो. तारणावर चर्चा नाही, असा नियम होता. या काळात मला कवी विल्यम कूपर यांचा आधार वाटला. मंडळ्यांनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या गायलेली गीते लिहिणारा हा माणूस 1773 नंतर आपण कायमचे टाकले गेलो आहोत असे मानू लागला, उपासनेला जाणेही त्याने सोडले, आणि 1800 मध्ये मरेपर्यंत ती छाया पुरती हटली नाही. त्यांचे पाळक मित्र जॉन न्यूटन यांनी त्यांना सुमारे वर्षभर स्वतःच्या घरी ठेवून घेतले. न्यूटन यांना वाद जिंकता आला नाही. त्यांनी मित्राला घरात जागा दिली.

धर्मशास्त्रातले एक मात्र मी त्यांना एकदाच, उत्तरे बंद करण्याआधी सांगितले होते. 1640 च्या दशकात वेस्टमिन्स्टरला तयार झालेल्या विश्वासाच्या अंगीकारात अठरावा अध्याय खात्रीबद्दल आहे. तारणाची खात्री ही विश्वासाच्या गाभ्याचा अशा प्रकारे भाग नाही, की तिच्याशिवाय विश्वासच नाही. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिच्यासाठी दीर्घकाळ थांबावे लागू शकते, असे तिथे म्हटले आहे. खात्री नसणे आणि विश्वास नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या कडक शिस्तीच्या मंडळींनी लिहून ठेवावे याचे त्यांना आश्चर्य वाटले. आणि गणना 21 मधला तो प्रसंग: सर्पदंश झालेल्या माणसाला आपली जखम किती खोल आहे हे तपासायला सांगितलेले नाही, खांबावरच्या पितळी सापाकडे पाहायला सांगितले आहे. योहान 3:14 मध्ये येशू तोच प्रसंग स्वतःला लावतो. दंश झालेला माणूस थरथरत पाहील, विष चढलेल्या डोळ्यांनी पाहील. कसे पाहावे याची अट तिथे नाही. हे बोलून झाल्यावर मी पुन्हा त्या विषयावर आलो नाही.

परिणाम

उपचाराच्या पाचव्या महिन्यात प्रभुभोजनाचे तबक त्यांच्यासमोर आले. हात पुन्हा थबकला. मग त्यांनी भाकरी उचलली, खाल्ली, आणि डोळे न मिटता समोर पाहत राहिले. नंतर त्यांनी सांगितले की त्या क्षणी मनात तेच घाणेरडे वाक्य होते. ते वाक्य असतानाच घ्यायचे, असे समुपदेशिकेशी आधीच ठरले होते. 1 करिंथ 11 मधल्या अयोग्य रीतीने खाण्याच्या इशाऱ्याबद्दल त्यांनी मला विचारले नाही. प्रश्न ओठांवर आला होता, ते दिसत होते.

संदेश आठवड्याला दोन-तीनवर आले, तेही बहुतेक गुरुवारच्या वेळेबद्दल. जीव नकोसा होण्याचे विचार थांबले. मुलांचा वर्ग सुरू झाला. औषध चालू आहे, त्याबद्दल ते मंडळीत लपवत नाहीत, आणि त्यामुळे आणखी दोघांनी येऊन माझ्याशी मन मोकळे केले.

आठव्या महिन्यात मागे घसरण झाली. पाहुण्या उपदेशकांनी इब्री 10 वर संदेश दिला आणि बंधू चार रात्री पुन्हा कबुल्यांत अडकले. पाचव्या दिवशी ते स्वतः समुपदेशिकेकडे गेले. त्या वेळी त्यांना सर्वांत जास्त उपयोग झाला तो स्तोत्र 88 चा. ते स्तोत्र अंधारातच संपते, शेवटी दिलासा येत नाही. पण ज्याच्याकडे ओरडायचे त्याला पहिल्याच वचनात माझ्या उद्धारक देवा अशी हाक आहे. त्यांनी ते स्तोत्र रोज एकदा वाचले, अर्थ न विचारता.

मसुद्यात मी इथे लिहिले होते की त्यांची भीती गेली आणि त्यांना तारणाची खात्री मिळाली. त्यांनी दोन्ही वाक्यांवर रेघ मारली. पहिल्याच्या जागी लिहिले: "भीती येते. मी तिच्याशी वाद घालत नाही." दुसऱ्याच्या जागी: "कधी असते, कधी नसते. येशूकडे मी दोन्ही दिवशी जातो."

आज वेगळे काय केले असते

पहिल्याच भेटीत झोपेबद्दल विचारले असते. किती तास, किती वेळा उठता, उठल्यावर काय करता. त्या वहीने माझे लक्ष इतके वेधून घेतले की माणूस रात्री तीन तास झोपतो हे मला पाचव्या महिन्यात कळले.

पत्नीशी आधी बोललो असतो. त्यांच्या संमतीने, पण आधी. मी सल्ला देत होतो तेव्हा त्या शेजारच्या खोलीत पडून तीच प्रार्थना भिंतीपलीकडून किती वेळा सुरू होते ते मोजत होत्या. एका रात्री बेचाळीस. त्यांनाही नवरा रोज विचारी, मी वाचेन ना? त्याही रोज हो म्हणत. आम्ही दोघे एकाच आगीत लाकडे घालत होतो आणि एकमेकांना ठाऊक नव्हते.

वचनांचा अर्थ एकदा, नीट, पुरेसा वेळ घेऊन सांगितला असता आणि तोच प्रश्न तिसऱ्यांदा नव्या वेषात आला तेव्हाच ओळखले असते की याला आता उत्तर नको आहे. ओळखायची खूण सोपी होती: उत्तराने मिळणारा आराम दर वेळी कमी काळ टिकत होता.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरे होणार नाही. मी त्यांना एकदा विचारले, ही कसोट्या लावण्याची सवय केव्हापासून? ते जरा संकोचले. मग म्हणाले, लहानपणापासून घाबरट होतोच, पण संदेशाच्या शेवटी तुम्ही विचारता ना, आज रात्री मरण आले तर तुम्ही कुठे असाल याची तुम्हाला पक्की खात्री आहे का, ते घरी घेऊन जायचो. खरे आहे, मी ते विचारत असे, कितीतरी वर्षे. न्यायाबद्दल आणि दुसऱ्या मरणाबद्दल मी आजही बोलतो. ते वगळले तर तारण कशापासून हेच सांगता येणार नाही. पण तो प्रश्न मी आता विचारत नाही. त्या जागी योहान 6:37 वाचतो, जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवणार नाही, आणि बसतो.

बंधू प्रार्थनासभेला येतात. मोठ्याने प्रार्थना करत नाहीत. त्यांची पाळी येते तेव्हा शेजारचे पुढे सुरू करतात, आणि मी त्यांना अजून काही विचारलेले नाही.